थंडी, मीटर आणि थकलेलं बिल : ब्रिटनमधल्या मराठी वाचकांची प्रश्नोत्तरे

ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे गेली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होतो : घर गरम कसं ठेवायचं आणि त्याचं बिल कसं भरायचं. बहुतेक पत्रांत आणखी एक वाक्य हमखास असतं : ‘मदत मागितली तर व्हिसाला धक्का तर लागणार नाही ना?’ म्हणून आधी तेवढं स्पष्ट करते. इथे मदत दोन प्रकारची आहे. एक सरकारी भत्ते. ते तुमच्या व्हिसावर अवलंबून असतात. दुसरी, गॅस आणि विजेचे ग्राहक म्हणून तुम्हाला मिळणारी सवलत आणि संरक्षण. तिथे तुमचा व्हिसा कुणीही विचारत नाही आणि विचारायचा संबंधही नाही. पुष्कळ लोक पहिली मदत मिळत नाही म्हणून दुसरीही मागत नाहीत आणि कुडकुडत बसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

कॉव्हेंट्रीतून एक विद्यार्थिनी लिहिते : ताई, आम्ही चौघी एका जुन्या घरात राहतो. गॅसचा मीटर प्रीपेड आहे. उन्हाळ्यात आम्ही गॅस जवळजवळ वापरलाच नाही. ऑक्टोबरमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातून १० पौंडांचं टॉप-अप केलं, तर कार्ड घालताक्षणी निम्म्याहून जास्त पैसे गायब! मीटर बिघडला आहे का? आणि महिनाअखेरीला टॉप-अपला पैसे नसतील तर काय करायचं? आमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ असं लिहिलं आहे.

मीटर बिघडलेला नसावा. आपल्याकडच्या वीजबिलात ‘स्थिर आकार’ असतो ना, तसाच इथे रोजचा स्टँडिंग चार्ज असतो. गॅस वापरा, न वापरा, तो चढत राहतो. मीटरमध्ये पैसे नव्हते त्या काळातला सगळा आकार पहिल्या टॉप-अपमधून एकदम कापला गेला. पुढच्या वर्षी घर सोडणार नसाल तर उन्हाळ्यातही दर आठवड्याला थोडे पैसे टाकत राहा.

पण आणखी एक गोष्ट आजच तपासा. हे कार्ड तुम्हाला कुणी दिलं? घरमालकाने ड्रॉवरमधून काढून दिलेलं, म्हणजे आधीच्या भाडेकरूचं कार्ड असेल, तर त्याची थकबाकी तुमच्या टॉप-अपमधून वळती होत असण्याची शक्यता आहे. मीटरवरचं बटण दाबत गेलात की एकेक पडदा पुढे सरकतो. त्यात थकबाकीची रक्कम आणि दर आठवड्याला कापली जाणारी रक्कम दिसते. तिथे आकडा दिसला तर त्याचा फोटो काढा आणि पुरवठादाराला फोन करून सांगा की आम्ही अमुक तारखेला राहायला आलो, हा आमचा भाडेकरार, आमच्या नावाचं नवं कार्ड द्या. दुसऱ्याचं कर्ज तुम्ही फेडायचं नसतं.

पैसे संपले तर मीटरमध्ये ‘इमर्जन्सी क्रेडिट’ असतं. रात्री, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठा तुटू नये अशीही सोय असते. ही उसनवारी आहे, पुढच्या टॉप-अपमधून ती वळती होते. तेही संपलं, तर थंडीत बसू नका, पुरवठादाराला फोन करा आणि ‘ॲडिशनल सपोर्ट क्रेडिट’, म्हणजे मीटर चालू ठेवण्यासाठीची जादा उसनवारी, मागा. घरात कुणी आजारी असेल तर ते आवर्जून सांगा. बोलताना भीड बाळगू नका. हे मागणारे लोक दर हिवाळ्यात असतात आणि ते देण्याची सोय नियमांतच केलेली आहे.

आता व्हिसा. ‘पब्लिक फंड्स’ म्हणजे इमिग्रेशनच्या नियमांत नावानिशी दिलेले ठरावीक भत्ते : युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट वगैरे. पुरवठादाराने दिलेली सवलत, धर्मादाय संस्थेने दिलेलं टॉप-अपचं व्हाउचर किंवा तुमच्या विद्यापीठाचा हार्डशिप फंड त्यात येत नाही. फ्युएल बँक फाउंडेशन ही संस्था खास प्रीपेड मीटरवाल्यांसाठी व्हाउचर देते. थेट तिच्याकडे जायचं नसतं, जवळची फूड बँक किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेचं केंद्र तुमचं नाव पाठवतं. कौन्सिल मात्र रोख मदत देऊ करत असेल तर थांबा. कौन्सिलच्या काही मदती पब्लिक फंड्समध्ये मोडतात, तेव्हा आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल स्टुडंट कक्षाला विचारा आणि मगच हो म्हणा.

ग्लासगोतून एक वाचक : फ्लॅटमध्ये भिंतीला मोठे जड हीटर आहेत. सकाळी ते भट्टीसारखे तापलेले असतात आणि संध्याकाळी मी कामावरून येतो तेव्हा थंडगार. मग मी छोटा फॅन हीटर लावतो. बिल बघून पोटात गोळा येतो.

हे स्टोरेज हीटर. आत विटा असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या तापतात आणि दिवसभर उष्णता सोडतात. वरच्या बाजूला झाकण असतं, ते उचललंत की दोन बटणं दिसतील. ‘इनपुट’ म्हणजे आज रात्री किती उष्णता साठवायची आणि ‘आउटपुट’ म्हणजे साठवलेली किती सोडायची. तुमच्या वर्णनावरून आउटपुट कायम पूर्ण उघडं राहिलं आहे, त्यामुळे तुम्ही कामावर असताना रिकामं घर तापतं. झोपताना आणि घराबाहेर पडताना आउटपुट सगळ्यात खाली ठेवा, संध्याकाळी आल्यावर उघडा. इनपुट उद्याचं हवामान बघून आदल्या रात्रीच ठरवायचं, कडाका असेल तर वर, नाहीतर मध्यावर. आठवडाभर करून बघा, संध्याकाळची खोली वेगळी वाटेल. हीटरच्या पुढ्यात सोफा सरकवलेला असेल तर तो आधी बाजूला करा.

फॅन हीटर बहुधा २ किलोवॉटचा असतो, म्हणजे तासाला २ युनिट. २०२५-२६च्या हिवाळ्यात विजेचा साधारण दर युनिटला २६ ते २८ पेन्स होता, म्हणजे तासाला पन्नास-पंचावन्न पेन्स. रोज चार तास लावलात तर महिन्याला साठ पौंडांच्या वर जातात.

मीटरही बघा. रात्र आणि दिवस अशी दोन वेगळी रीडिंग दिसायला हवीत आणि बिलावर दोन दर. अनेकदा आधीच्या भाडेकरूने एकदराची योजना घेतलेली असते आणि मग स्वस्त विजेसाठी बनवलेल्या हीटरला दिवसाच्या दराची वीज जाते. तसं असेल तर स्टोरेज हीटरचा फायदाच उरत नाही. पुरवठादाराला सांगून इकॉनॉमी ७सारखी दोन दरांची योजना घ्या. जुने काही मीटर रेडिओच्या संकेतावर दिवस-रात्र बदलायचे, तो संकेत ३० जून २०२५पासून भागाभागाने बंद होऊ लागला. हीटर एकाएकी रात्री तापेनासे झाले, किंवा भलत्याच वेळी तापू लागले, तर कारण हेच असू शकतं. अशा वेळी मीटर बदलून मागायचा.

हॅरोहून : आई ७८ वर्षांची आहे, चाळीस वर्षं इथेच आहे, ब्रिटिश नागरिक आहे, आमच्याबरोबर राहते. तिचं स्टेट पेन्शन अगदी तुटपुंजं आहे. माझा पगार बरा असल्यामुळे तिला काही मिळणार नाही असं सगळे म्हणतात. बिलं माझ्या नावावर आहेत.

सगळे चुकीचं सांगत आहेत आणि ही चूक आपल्या लोकांत घरोघरी आहे. पेन्शन क्रेडिटसाठी (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकारकडून मिळणारी भर) आईचं उत्पन्न आणि आईची बचत बघतात, मुलाचा पगार धरत नाहीत. २०२५-२६ मध्ये एकट्या व्यक्तीचं उत्पन्न आठवड्याला २२७.१० पौंडांपेक्षा कमी असेल तर ते तिथपर्यंत भरून दिलं जायचं. हा आकडा दर एप्रिलमध्ये बदलतो. १०,००० पौंडांपर्यंतची बचत मोजत नाहीत. त्यावर असेल तर दर ५०० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात, म्हणजे बचत आहे म्हणून दार बंद होत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. आईंच्या नावावर पुण्याला फ्लॅट असेल, बँकेत मुदत ठेव असेल किंवा भारतातून पेन्शन येत असेल, तर ते अर्जात लिहायचं. परदेशातली मालमत्ता आणि उत्पन्नही धरलं जातं. लपवलं आणि नंतर उघड झालं तर परतफेड आईंनाच करावी लागते, वर दंडही होऊ शकतो.

पेन्शन क्रेडिट मिळालं की त्याच्यामागून बाकीचं येतं. वॉर्म होम डिस्काउंटमध्ये विजेच्या बिलातून १५० पौंड कमी होतात. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तुमच्या भागात सलग सात दिवसांचं सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली गेलं तर दर वेळी २५ पौंडांचं कोल्ड वेदर पेमेंट आपोआप खात्यात येतं. विंटर फ्युएल पेमेंट वेगळं आहे. २०२५-२६च्या हिवाळ्यापासून ते पुन्हा पेन्शनच्या वयाच्या सगळ्यांना द्यायला लागले आणि वर्षाचं उत्पन्न ३५,००० पौंडांवर असेल तर करातून परत घेतात. त्यातही आईंचंच उत्पन्न बघतात, तुमचं नाही.

आता बिलाचं नाव. वॉर्म होम डिस्काउंटसाठी विजेच्या खात्यावर भत्ता घेणाऱ्याचं किंवा तिच्या जोडीदाराचं नाव असावं लागतं. मुलाचं चालत नाही. आपल्याकडे सगळी बिलं कर्त्या मुलाच्या नावावर असतात आणि हक्काचे १५० पौंड दरवर्षी बुडतात. पात्रतेची तारीख ऑगस्टमध्ये येते, तेव्हा उन्हाळ्यातच पुरवठादाराला सांगून खात्यावर आईंचं नाव घालून घ्या. नाव आलं की बिलाची जबाबदारीही येते, हे त्यांना नीट समजावून सांगा.

अर्ज फोनवर होतो : ०८०० ९९ १२३४. दुभाषा मागता येतो. हक्क आधीपासून बसत असेल तर मागच्या तीन महिन्यांचे पैसेही मिळतात. (ज्यांनी आईवडिलांना पोसण्याचं हमीपत्र देऊन अलीकडे इथे आणलं आहे, त्यांना साधारणपणे पहिली पाच वर्षं पेन्शन क्रेडिट मिळत नाही.)

स्लाउहून : दोन वर्षं अंदाजे बिलं येत होती, आम्ही ती नियमाने भरली. आता एकदम १,९०० पौंडांचं बिल आलं. हप्ते बांधून देतो म्हणतात.

हप्त्यांना हो म्हणण्याआधी ‘बॅक-बिलिंग’ हा शब्द लक्षात ठेवा. पुरवठादाराच्या ढिलाईमुळे बरोबर बिल आलं नसेल तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे त्याला आता मागता येत नाहीत. ऑफजेम या ऊर्जा नियामकाचा हा नियम २०१८पासून आहे. तुम्ही मीटर बघू दिला नाही किंवा असाच अडथळा आणला असेल तर अपवाद. ‘बारा महिन्यांच्या आतल्या वापराचं बिल वेगळं काढून द्या’ असं ईमेलवर लेखी मागा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे जा. ते फुकट आहे आणि त्याचा निर्णय पुरवठादारावर बंधनकारक असतो. जी रक्कम खरोखर उरेल तिचे हप्ते तुमच्या ऐपतीप्रमाणेच पडले पाहिजेत. घरखर्चाचा कागद पुढे ठेवा आणि झेपेल तोच आकडा सांगा.

बर्मिंगहॅमहून एक आई : बाळ आठ महिन्यांचं आहे. भाड्याच्या घरात खिडकीभोवती काळी बुरशी धरली आहे. मालक म्हणतो, तुमच्या स्वयंपाकाच्या वाफेमुळे. हीटिंग लावायचं तर बिलाची भीती वाटते.

कुकरच्या शिट्ट्या चालू असताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि एक्स्ट्रॅक्टर (वाफ बाहेर टाकणारा पंखा) चालू ठेवा, ओले कपडे रेडिएटरवर टाकू नका. एवढं तुमच्या हातात आहे. पण भिंतीत ओल मुरत असेल किंवा एक्स्ट्रॅक्टर नुसताच घरघरत असेल तर दुरुस्ती मालकाची आहे. इंग्लंडमध्ये घर राहण्यालायक ठेवणं ही २०१८च्या कायद्याने त्याची जबाबदारी आहे. फोटो काढा, तारखेसह ईमेल करा, हालचाल झाली नाही तर कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला कळवा. रॉचडेलमध्ये २०२० साली अवाब इशाक हे दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीमुळे दगावलं, तिथेही दोष कुटुंबाच्या राहणीला दिला गेला होता. म्हणून मालकाचं हे उत्तर मुळीच ऐकून घेऊ नका. तक्रार केली म्हणून घर खाली करायला सांगतील ही भीती खरी असते. इंग्लंडमध्ये १ मे २०२६पासून कारण न देता भाडेकरू काढण्याची तरतूद रद्द करणारा कायदा झाला आहे.

बाळाची खोली १६ ते २० अंशांच्या दरम्यान ठेवा. त्यासाठी गॅसचं सेंट्रल हीटिंगच वापरा, विजेचा हीटर नको. २०२५-२६च्या हिवाळ्यात गॅसचं युनिट साधारण ६ पेन्सला होतं, वीज त्याच्या चौपटीहून जास्त. न वापरत्या खोल्यांचे रेडिएटर कमी करा. कॉम्बी बॉयलर (वेगळ्या टाकीशिवाय पाणी तापवणारा) असेल तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ६० अंशांवर आणा, अनेक घरांत ते विनाकारण ७५-८०वर असतं. (गरम पाण्याची टाकी असेल तर हे करू नका, टाकीतलं पाणी ६० अंशांच्या वरच तापायला हवं.) आणि पुरवठादाराच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये (जादा मदतीची गरज असलेल्या घरांच्या यादीत) आजच नाव घाला. पाच वर्षांखालचं मूल घरात असणं एवढं कारण पुरेसं आहे.

लेस्टरहून : घरमालक स्वतः वीजबिल भरतो आणि आमच्याकडून युनिटमागे ४५ पेन्स घेतो. चालतं का?

नाही. त्याला जो दर पडतो त्याहून जास्त दराने वीज विकता येत नाही. त्याच्याकडे मूळ बिलाची प्रत मागा. देत नसेल तर पावत्या जपून ठेवा आणि सिटिझन्स ॲडव्हाइसकडे जा. जास्तीचे पैसे परत मागता येतात.