टर्बो बदलण्याआधी: जुनी डिझेल पिकअप शिट्टी मारते आणि ओढत नाही तेव्हा

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पंधरा वर्षांहून जुनी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेली डिझेल पिकअप, फोर बाय फोर, हाताने टाकायचे गिअर, २ लाख किलोमीटरच्या पुढे धावलेली. काही आठवड्यांपासून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बारीक, चढत जाणारा ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. त्याच सुमारास गाडीचा दम गेला. जो चढ तिसऱ्या गिअरमध्ये निघायचा, तिथे आता दुसरा टाकावा लागतो. मेकॅनिकने चक्कर मारून ‘टर्बो गेला’ असं सांगितलं. टर्बो बदलून टाकू का, हा तुमचा प्रश्न.

आत्ताच नको. टर्बो गेलाही असेल, पण नुसत्या आवाजावरून तसं ठरवता येत नाही. समजा खरंच गेला असेल, तर तो कशामुळे गेला हे न शोधता नवा बसवलात तर तोही त्याच वाटेने जाईल.

सगळ्यात आधी आवाज इंजिनाबरोबर चालतो की चाकांबरोबर, हे पक्कं करा. मोकळा, सपाट रस्ता बघा. ताशी ५० किलोमीटरवर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी स्थिर ठेवा आणि आवाज किती बारीक आहे ते कानात बसू द्या. मग वेग तोच ठेवून चौथा टाका. आवाज खाली आला, जाडसर झाला, तर त्याचं मूळ इंजिनाकडे आहे किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात. गिअर बदलूनही सूर तसाच राहिला, तर टर्बोचा विषयच सोडा आणि मागे या: प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारा लांब दांडा), ट्रान्सफर केस (ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), डिफरन्शिअल (दोन चाकांमधली गिअरची पेटी), हबची म्हणजे चाकाच्या मध्यातली बेअरिंग, टायर. डिफरन्शिअलचा आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा येतो, त्यामुळे चढावर ओढताना तो टर्बोसारखाच वाटू शकतो. हबचं बेअरिंग असेल तर गाडी वळणावर एका बाजूला कलली की घरघर कमी-जास्त होते.

आवाज इंजिनाकडचा ठरला की गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्या. अल्टरनेटर, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, बेल्टला वाट देणारी आयडलर पुली, वॉटर पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप हे सगळे उभ्या गाडीतही बोलतात. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज वाढला तर त्या पंपाच्या डब्यातलं ऑइल बघा, पातळी कमी आहे का, फेस आहे का. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. फक्त दाबल्यावरच आला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका भागाच्या स्थिर कवचावर टेकवून मूठ कानापाशी धरली की कुठलं बेअरिंग ओरडतंय ते चटकन कळतं. हे करताना सैल बाही, ओढणी, केस बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा.

आता महत्त्वाची गोष्ट. उभ्या गाडीत आवाज येत नाही, म्हणून टर्बो चांगला, असं समजू नका. इंजिनावर भार नसताना टर्बो जेमतेमच हवा दाबतो. तुमचा आवाज भाराखाली येतो आणि ताकद त्याच सुमारास गेली आहे. या दोन गोष्टी जोडीने आल्या की माझा पहिला संशय टर्बोवर नसतो, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी होजवर, म्हणजे जाड नळ्यांवर असतो. जुन्या गाडीत हे रबर तेलाने फुगून मऊ पडतं, क्लॅम्प सैल होतात, आणि बहुतेक वेळा चीर खालच्या बाजूला असते, वरून बघणाऱ्याला दिसतच नाही. शिवाय इंजिन बंद असताना ती मिटलेली असते, आत दाब आला की उघडते.

होज काढून हातात घ्या, वाकवा, आतून टॉर्च मारा. क्लॅम्पच्या कडेला तेलकट, धूळ चिकटलेली काळी रेघ दिसली तर तिथूनच हवा निसटते आहे. आत तेलाचा पातळ थर असणं नेहमीचंच आहे, त्याने घाबरू नका. तेल साचलेलं असेल तर मात्र चिंता. खात्री करायची असेल तर टर्बोच्या तोंडाशी नळी घट्ट बसवून कमी दाबाची हवा सोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. दाब १ बारच्या वर नेऊ नका, आणि नळीच्या तोंडासमोर उभे राहू नका.

एवढ्याशा चिरेने आवाज का वाढतो? टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही वर फिरतो. दाबलेली हवा वाटेत निसटली की तेवढाच दाब तयार करायला त्याला आणखी जोरात फिरावं लागतं, म्हणून शिट्टी चढते. असं बरेच दिवस चाललं की बेअरिंग झिजतं आणि शेवटी टर्बो खरंच जातो. फाटका होज तसाच ठेवून नवा टर्बो बसवू नका, हे मी एवढ्या आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

धुराकडेही बघा, तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. ओढताना काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं, हवा कमी: होजची चीर, चोंदलेला एअर फिल्टर किंवा उघडी अडकलेली ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप). निळा धूर म्हणजे तेल जळतंय. धूर काहीच नाही आणि दमही नाही, तर डिझेल कमी पडतंय: फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा, टाकीतली जाळी बघा. तुमच्या गाडीत जुना मेकॅनिकल इंजेक्शन पंप असेल, तर त्यावर टर्बोचा दाब पोचवणारी एक बारीक नळी असते. दाब वाढला की डिझेल वाढवायचं, हे पंपाला तिच्यामुळे कळतं. ती तडकली किंवा निसटली तरी धूर न होता गाडी मंद पडते. बोटाएवढीही जाड नसते, त्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

दम जाण्याची दोन कारणं हवा-डिझेलशी संबंधितच नसतात. चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. आणि थोडं चालवून थांबल्यावर एका चाकाजवळ बाकीच्यांपेक्षा जास्त धग लागत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटलाय. तळवा जवळ न्या, टेकवू नका.

इतकं सगळं ठीक निघालं, तरच टर्बो उघडा. इंजिन थंड असताना हवेच्या बाजूचा होज काढून शाफ्ट दोन बोटांत धरा. आडवा किंचित हलला तर हरकत नाही, बेअरिंगमध्ये तेलाच्या थरासाठी जागा ठेवलेलीच असते. पाती मात्र कवचाला घासता कामा नयेत. पुढे-मागे हालचाल हाताला जाणवली, पात्यांच्या कडा खरवडलेल्या किंवा तुटलेल्या दिसल्या, तर तुमच्या मेकॅनिकचं बरोबर आहे, टर्बो बदला. त्या वेळी तेल पुरवणारी बारीक पाइप नवीनच घाला, जुनीत जळक्या तेलाची खपली जमलेली असते. तेल परत नेणारी पाइप मोकळी आहे ना ते बघा, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, इंटरकूलर धुऊन घ्या. आधीची पाती तुटली असतील तर त्यांचे तुकडे तिथेच पडलेले असतात. पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या तोंडात थोडं ताजं ऑइल ओता.

तोपर्यंत गाडी भरून चढावर नेऊ नका आणि रोज सकाळी डिपस्टिकवर (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) तेलाची पातळी बघा. तेल झपाट्याने उतरत असेल आणि निळा धूर असेल, तर गाडी अजिबात चालवू नका. टर्बोचं सील फुटलं की डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन धावायला लागतं, आणि तेव्हा चावी बंद करूनही ते थांबत नाही. तसं झालंच तर वरचा गिअर टाका, पायाचा ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून ठेवा आणि क्लचवरचा पाय उचलून इंजिन बंद पाडा. घरात दुसरं कोणी ही गाडी चालवत असेल तर त्यांनाही हे आजच सांगून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या चाचणीत काय झालं आणि धूर कुठल्या रंगाचा आहे, एवढं कळवा. त्यावरून पुढे काय उघडायचं ते सांगतो.