वाचकांचे प्रश्न : गोदाकाठची सुपरहिरो

गेल्या अंकात आम्ही दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी नव्या सुपरहिरो मालिकेच्या कल्पना मागवल्या होत्या. कल्पनांसोबत प्रश्नही आले. त्यांतल्या काहींची ही उत्तरं.

माझी नायिका तेरा वर्षांची, पंचवटीत राहणारी. गोदावरीमुळे तिला शक्ती मिळते आणि ती पाण्याकडून काहीही करून घेऊ शकते. दोन भाग लिहून झाले, पण तिसरा काही केल्या सुचत नाही. कुठे अडलंय? (पंचवटी)

‘काहीही’ या शब्दापाशी अडलंय. जिला काहीही जमतं, तिच्यापुढचं संकट दुसऱ्या मिनिटाला संपतं. मग तुम्ही त्याहून मोठं संकट आणता, तेही संपतं आणि तिसऱ्या भागात अख्खं शहर बुडवण्यावाचून काही उरत नाही. म्हणून आधी तीन वाक्यं कागदावर उतरवा: शक्ती नेमकी कोणती, ती कधी चालत नाही, आणि वापरली की तिची किंमत काय.

ही हद्द आखायला लागणारी पट्टी तुमच्या घराजवळच उभी आहे: गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पूर आला की नाशिककर एकच विचारतात, “दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं?” पायाला, कमरेला, छातीला, गळ्याला. नायिकेची शक्ती याच मापानं चढू-उतरू द्या. पाणी मारुतीच्या पायाशी असेल तर तिला फक्त नदी ऐकू येते, म्हणजे वरच्या अंगाला काय चाललंय ते कळतं. कमरेला लागलं की काठावर बोललेलं सगळं ऐकू येतं. छातीला लागलं की एका श्वासापुरता एका जागचा प्रवाह थोपवता येतो. गळ्याशी आलं की ताकद सगळ्यात जास्त, पण नदीचा आवाज इतका मोठा की शेजारी उभ्या आईची हाक तिच्या कानापर्यंत पोहोचत नाही. ही झाली किंमत, आणि ती लहान मुलालाही कळते.

मे महिन्यात पाणी आटलेलं असताना तिच्याकडे काहीच नसेल. ते भाग टाळू नका, उलट आवर्जून लिहा. शक्ती नसताना ती डोकं कसं चालवते, यावरच प्रेक्षक तिच्यावर जीव लावतील.

खलनायक राक्षस नको. रामकुंड परिसरातल्या जुन्या कुंडांचा तळ काँक्रीटनं झाकला गेला आणि झरे बुजले, हा वाद शहराला चांगलाच ठाऊक आहे. सिंहस्थाच्या गर्दीत कुणी घसरून दगावू नये म्हणून तळ सपाट करायला निघालेला एक मनापासून काळजी करणारा माणूस उभा करा. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर असतं, पण त्याच्या कामामुळे नायिकेचं ऐकणं बंद होत जातं. असा विरोधक तेरा भाग पुरतो.

एक चूक तुमच्या पानांत आहे, ती आत्ताच सुधारा. ‘धरणातून पाच हजार क्युसेक पाणी गेलं, आता दहा हजार उरलं’ असं लिहिता येत नाही. क्युसेक हा पाणी वाहण्याचा दर आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. साठा सांगायचा तर टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) किंवा दशलक्ष घनफूट म्हणा. नाशिकची शाळकरी मुलं पावसाळाभर गंगापूर धरणाच्या विसर्गाच्या बातम्या ऐकतात, ती ही चूक लगेच पकडतील.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलं पडद्यावर पाहतात तेच मधल्या सुट्टीत करतात. उडी, गिरकी, गळ्यात बांधलेली ओढणी. हे टाळून सुपरहिरो लिहिता येईल का? (सिडको)

येईल, पण ते लिहितानाच करावं लागतं. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली, तिच्यात भागाच्या शेवटी नायक स्वतः मुलांशी बोलायचा. तो चांगला पायंडा होता. मात्र नुसती खालून सरकणारी सूचनेची पट्टी सात वर्षांच्या मुलाच्या कामाची नाही. त्याचं वाचून होईपर्यंत ती निघून गेलेली असते आणि नजर तर नायकावरच असते.

प्रत्येक सीन लिहून झाला की दोन गोष्टी तपासा. जागा: गच्ची, बाल्कनी, विहीर, घाट, रुळ. वस्तू: काडेपेटी, दोरी, प्लास्टिकची पिशवी, गळ्याभोवती येणारं कापड. दोन्ही एकाच सीनमध्ये आल्या तर तो सीन बदला. वरच्या पत्रातल्या नायिकेला नदीत उतरवूच नये. चढत्या पाण्यात पाऊल टाकणारी नायिका कितीही सुंदर दिसली तरी ती आम्हाला मान्य नाही.

मग शक्ती जागी कशी होणार? मुलांनी नक्कल केली तरी बिघडणार नाही अशी एक खूण शोधा. जुन्या नाशकात तांबट आळी आहे, तर नायिकेच्या हाती आजीचा तांब्या द्या. पोटाशी पोचा आलेला, काठाची कल्हई उडालेली. रिकामा तांब्या ती वरच्या पायरीवर बसून कानाला लावते आणि नदी बोलू लागते. मुलं घरी हेच करून पाहतील आणि त्यांना खरोखर घूं असा आवाज येईल, कारण भोवतीच्या आवाजांतला एक ठरावीक सूर भांड्यातली हवा मोठा करते. एकसारख्या तोंडाच्या दोन तांब्यांत ज्याचं पोट मोठं, त्याचा सूर खालचा. विज्ञानाचा तास आपोआप होतो.

एका भागाची स्क्रिप्ट किती पानांची असावी? (नाशिकरोड)

अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं हातात राहतात. म्हणून २२ ते २४ पानं. पण पान म्हणजे मिनिट हा हिशोब संवादांपुरताच खरा. ‘पाणी चढू लागतं, लोक धावतात’ ही एक ओळ पडद्यावर दीड मिनिट खाते. धावपळीच्या भागात पानं १८ वर आणा, नाहीतर संकलनात संवाद कापले जातील आणि शेवट कुणाला कळणार नाही. पहिल्या तीन मिनिटांत अडचण दिसलीच पाहिजे. पहिल्या मोसमाला १३ भाग पुरेत. वाहिनीकडे जाताना सगळे लिहून नेऊ नका. पहिल्या भागाची पूर्ण स्क्रिप्ट, बाकी बारांचा प्रत्येकी एक परिच्छेद आणि शक्तीचे नियम सांगणारं एक पान न्या.

आम्ही कॉलेजचे सहा जण एप्रिलमध्ये मोबाईलवर पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, शूट करणार आहोत. नायक द्राक्षबागेतला, अंगावर फोमचं हिरवं चिलखत. मागे ग्रीन स्क्रीन. काय सांभाळावं? (गंगापूर रोड)

आधी रंग. हिरव्या पडद्यापुढे हिरवं चिलखत घातलं की संगणकावर पडद्याचा हिरवा रंग काढताना नायकाचं धडही जाईल आणि हवेत डोकं नि हात तरंगतील. निळा पडदा घ्या किंवा चिलखत पिकलेल्या काळ्या द्राक्षांच्या रंगाचं करा. आमचं मत दुसऱ्याला. काळसर जांभळा रंग कॅमेऱ्यात भारदस्त दिसतो आणि बागाईतदारांच्या मुलांना तो लगेच ओळखीचा वाटेल. कलाकार पडद्यापासून निदान दोन मीटर पुढे उभा करा, नाहीतर पडद्याचा रंग गालांवर आणि केसांच्या कडांवर चढतो. पडद्याला वेगळे दिवे द्या, आणि कापड इस्त्री करून ताणून बांधा. एक सुरकुती म्हणजे संगणकावर तासाभराचं काम.

चिलखताला ईव्हीए फोम (चपलेच्या तळव्यासारखा हलका फोम) घ्या: छाती-पाठीला १० मिलिमीटर, मनगट-कोपराला ५. चिकटवायला रबर अ‍ॅडेसिव्ह. तो दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहाएक मिनिटं थांबायचं आणि मगच दाबायचं. घाईघाईत ओला असताना जोडला तर उन्हात सांधा उघडतो, कारण आतला द्रव उडायला वाट मिळालेली नसते. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, तेव्हा आधी पेनानं खुणा करा. रंगाआधी हीट गननं पृष्ठभाग हलका शेकला की छिद्रं मिटतात. न शेकता लावलेला रंग फोम पिऊन टाकतो. कोपर-गुडघ्याला लवचीक प्रायमर हवा, नाहीतर पहिल्याच हालचालीत पापुद्रे सुटतील. हे सगळं काम खिडक्या उघड्या ठेवून करा.

एप्रिलच्या दुपारी फोमच्या आत घाम वाळत नाही. सकाळी साडेदहापर्यंत शूट उरका, वीस मिनिटांहून जास्त वेळ चिलखत अंगावर ठेवू नका, आणि पाठीला अशी चेन ठेवा की दुसऱ्याला एका ओढीत उघडता येईल.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. मोबाईल स्वतःच्या मनानं सेकंदाला ३० फ्रेमवर गेला की काही दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे हातानं सेटिंग करायच्या मोडमध्ये, २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद कायम करून ठेवा. हे पट्टे पुढे संगणकावर धड निघत नाहीत.

साधनं तोकडी म्हणून खंत करू नका. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये आपली लहानगी मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केलं आणि तिचं पाण्याखालचं युद्ध कॅमेऱ्याच्या युक्तीनं उभं केलं. ते काम आजही फाळक्यांच्या सर्वात देखण्या कामांत गणलं जातं.

माझी अकरा वर्षांची मुलगी अशा मालिकेत काम करणार आहे. नियम काय? ड्रोननं घाट टिपायचा आहे, त्यालाही परवानगी लागते का? (इंदिरानगर)

बालकलाकारासाठी निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त तर नाहीच. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती सेटवर हवी. मानधनाचा किमान २० टक्के हिस्सा मुलीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. करारावर सही करण्याआधी हे सगळे मुद्दे त्यात लिहिलेत का ते पाहा. ‘तोंडी ठरलंय’ म्हणणाऱ्याकडे मुलीला पाठवू नका.

ड्रोनच्या बाबतीत नाशिक अवघड शहर आहे. देवळालीचा तोफखाना, गांधीनगरचा लष्करी विमानतळ, ओझरचा विमानतळ, सगळंच जवळ. सरकारी ड्रोन नकाशावर तुमची जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते आधी पाहा. लाल असेल तर बेत सोडा आणि उंच इमारतीच्या गच्चीवरून, कठड्याच्या आत ट्रायपॉड लावून टिपा. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे. तिथल्या चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याकडे बरंच आधी अर्ज करा.

कल्पना वाहिनीला सांगितली आणि त्यांनी ढापली तर? (सातपूर)

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, लिहिलेल्या मजकुरावर मिळतो. ‘नदीची भाषा समजणारी मुलगी’ ही कुणाचीही असू शकते. मारुतीच्या मापानं चढणारी शक्ती, पोचा आलेला तांब्या, आईची न ऐकू आलेली हाक, हे सीन लिहून काढलेत तर तो मजकूर तुमचा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन स्क्रिप्ट ऑनलाइन नोंदवा, मग ईमेलनं पाठवा आणि भेटीनंतर त्याच दिवशी ‘आज अमुक अमुक मांडलं’ असा दोन ओळींचा ईमेल टाका. तारखेसह लेखी पुरावा हाती राहतो.