तिसऱ्यांदा नीट? आधी पोरीशी बोला

इंदूरच्या एका बाबांचं पत्र आलंय. मुलगी बारावी पीसीबी, सोबत मॅथ्स. नीट दोनदा दिली, दुसऱ्यांदा ड्रॉप घेऊन, एमबीबीएसची सीट मिळाली नाही. आता ती म्हणते मलेरिया कसा पसरतो त्याचं गणित शिकायचंय, आणि बाबा विचारतात अजून एका ड्रॉपसाठी क्लासेसच्या भवरकुआं भागात चांगलं कोचिंग कोणतं आणि हे खूळ तिच्या डोक्यातून कसं काढायचं.

नमस्कार. कोचिंगचं नाव मी देणार नाही. पत्रात पुतणीचं एमबीबीएस परत परत येतं, नातेवाईकांना काय सांगू हेही येतं, पण पोरीला त्या गणितात काय आवडलं हे तुम्ही विचारलंय असं कुठेच दिसत नाही. उलट लॅपटॉप काढून घेतला. आणि अगदी शेवटी, सहज म्हणून लिहिलंय की ती हल्ली जेवायलाही बाहेर येत नाही. अहो, पत्राची सुरुवात त्यानेच व्हायला हवी होती! मला मार्कांपेक्षा याची काळजी वाटते. दोन वर्षं सकाळी क्लास, दुपारी टेस्ट, संध्याकाळी घरी तोच विषय, आणि एवढ्यातून स्वतःहून काहीतरी आवडलंय म्हणून सांगायला आली तर तिला खूळ ऐकायला मिळालं. आधी लॅपटॉप परत द्या, तिच्या आईला सोबत घेऊन तिच्याशी बोला, नीटचा विषय न काढता. तरी ती बोलती झाली नाही, जेवण सुधारलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तुमचं वाक्य, की गणिताने कुठे मलेरिया जातो, आजारावर काम करायचं तर डॉक्टरच हवं. रोनाल्ड रॉस डॉक्टरच होते. 1897 मध्ये सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, 1902 ला नोबेल मिळालं. पण सगळे डास मारणं शक्य नाही मग उपयोग काय, या प्रश्नाला त्यांनी समीकरणं मांडून उत्तर दिलं: सगळे मारायची गरजच नाही, माणसांच्या मानाने डास एका मर्यादेखाली आणले की आजार आपोआप ओसरतो. पुढे 1950 च्या दशकात मलेरियातज्ज्ञ जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी दाखवलं की डास किती आहेत यापेक्षा ते किती दिवस जगतात हे जास्त महत्त्वाचं, कारण परजीवी डासात तयार व्हायला साधारण दहा दिवस तरी लागतात आणि त्याआधी डास मेला तर तो कुणाला मलेरिया देऊच शकत नाही. रोज 90 टक्के डास जगत असतील तर दहा दिवसांनी 35 टक्के उरतात, रोज 80 टक्के जगले तर फक्त 11. घराच्या भिंतींवर औषध का फवारतात ते या आकड्यांत आहे: तिथे बसलेला डास लवकर मरावा म्हणून. हे तुमच्या मुलीला आत्ताच करता येईल, तिच्याकडून समजून घ्या.

रस्ते आहेत. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा, आयएसआय म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेची वेगळी परीक्षा, नाहीतर इंदुरातच होळकर सायन्स कॉलेजातून बीएस्सी. पात्रता यंदाच्या माहितीपत्रकात बघा.

तिलाही स्पष्ट सांगते. यात बीएस्सी करून नोकरी मिळेल असं धरू नकोस, एमएस्सी आणि बहुतेक पीएचडी लागते, म्हणजे आठ-दहा वर्षं, आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी, प्रोग्रामिंग रोज करायचा कंटाळा असेल तर हे तुझं नाही. नीट नको म्हणून हे धरत असशील तर तसं घरी सांग, त्यातूनही वेगळा मार्ग निघेल. पण आवड खरी असेल तर आत्तापासून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लाग आणि वरचं गणित परजीवीला बारा दिवस लागले तर काय होतं ते करून बघ.

आणि बाबा, या दुसऱ्या ड्रॉपची फी अजून भरली नसेल तर भरू नका.