संशोधनाला सरकारी पैसा कशासाठी?

प्रश्न : नव्या शोधांचा नफा कंपन्यांच्या पदरात पडतो, तर त्यामागच्या संशोधनाचा खर्च करदात्यांनी का उचलावा? शिवाय सरकारी मदतीवर वाढलेला उद्योग जागतिक स्पर्धेत खरोखर टिकतो का?

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. मूलभूत संशोधनातून निर्माण होणारे ज्ञान ते करणाऱ्या कंपनीपुरते राहत नाही, प्रतिस्पर्धीही त्याचा लाभ घेतात. त्यामुळे ते केवळ बाजारावर सोपवले तर समाजाला हवी तेवढी गुंतवणूक त्यात होत नाही, हा मुद्दा अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये मांडला. करदात्यांनी हा खर्च उचलण्याचे समर्थन मुख्यतः त्यावर उभे आहे.

अनुदानाची चर्चा पुष्कळ होते, परंतु सरकार ग्राहक म्हणून जे घडवू शकते त्याकडे फारसे लक्ष जात नाही, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. १९६०च्या दशकाच्या आरंभी एकात्मिक परिपथ, म्हणजे आजच्या चिपचे आद्य रूप, इतके महाग होते की व्यापारी ग्राहक त्यांच्याकडे वळत नव्हते. अमेरिकी सरकारच्या अपोलो यानाच्या संगणकासाठी आणि मिनिटमन क्षेपणास्त्रांसाठी ते मोठ्या संख्येने घेतले गेले, गुणवत्तेच्या कठोर कसोट्या लावल्या गेल्या, आणि उत्पादन वाढत गेले तशा किमती उतरल्या. त्या कंपन्यांना केवळ रोख मदत मिळाली असती, तर वस्तू सुधारण्याची एवढी निकड त्यांना भासली असती असे मला वाटत नाही.

तैवानने निराळी वाट धरली. तेथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिपनिर्मितीचे तंत्रज्ञान घेतले आणि आपले अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवले. याच संस्थेतून १९८७ मध्ये टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी उभी राहिली आणि तिच्या आरंभीच्या भांडवलाचा जवळपास निम्मा वाटा सरकारने उचलला. इतरांनी आखलेल्या चिप बनवून देणे हाच तिचा व्यवसाय असल्यामुळे जगभरच्या ग्राहकांच्या कसोटीस तिला प्रथमपासून उतरावे लागले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मदतीबरोबर बाहेरची कसोटी असेल तर उद्योग सुधारतो. दक्षिण कोरियाने १९६० आणि १९७०च्या दशकांत स्वस्त कर्जे निर्यातीच्या कामगिरीशी जोडली होती, ती याच विचाराने. मदत कधी थांबवायची हे मात्र आधीच ठरवावे लागते. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये कॉन्कॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानासाठी केलेल्या करारात माघारीची तरतूदच नव्हती. १९६४ मध्ये ब्रिटनला अंग काढून घ्यावेसे वाटले, तरी ते शक्य झाले नाही; खर्च चालूच राहिला, आणि अखेर प्रवासी सेवेत आली ती केवळ १४ विमाने.