अंगावर दूध पाजणाऱ्या आईने रमजानचे रोजे ठेवावेत का?

रोज्यामुळे स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीला अपाय होईल अशी भीती असल्यास अंगावर पाजणाऱ्या आईला रोजा न ठेवण्याची सवलत इस्लामनेच दिली आहे, त्यामुळे ती घेताना मनात अपराधी भाव मुळीच बाळगू नये. सुटलेले रोजे पुढे सवडीने कझा म्हणून भरून काढता येतात; इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी हनफी मतानुसार एवढे पुरेसे आहे, तर शाफई व हंबली मतानुसार केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला असल्यास फिद्या, म्हणजे गरिबाला अन्नदानही करावे लागते.

बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल तर त्याचे सारे पोषण आईच्या दुधावरच असते, म्हणून त्या काळात सवलत घेणेच मला अधिक योग्य वाटते. वरचे खाणाऱ्या मोठ्या बाळाची निरोगी आई रोजा ठेवू शकते, मात्र इफ्तारपासून, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडल्यापासून, पहाटेच्या सहेरीच्या जेवणापर्यंत तिने थोडे थोडे करून भरपूर पाणी प्यावे. चक्कर आली, लघवी गडद पिवळी झाली, किंवा एरवी दिवसात सहा-सात वेळा ओला होणारा बाळाचा लंगोट दुपारपर्यंत कोरडाच राहिला, तर संध्याकाळची वाट न पाहता रोजा सोडावा आणि डॉक्टरांना दाखवावे.