आयव्हीआयजीच्या दिवसाची तयारी
(सदर : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे)

प्रश्न : माझा मुलगा ६ वर्षांचा, वजन २० किलो. त्याला एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया आहे, शरीरात अँटिबॉडीज तयारच होत नाहीत. दर चार आठवड्यांनी १० ग्रॅम आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटिबॉडीजचं औषध) शिरेतून देतात. दुसऱ्या वेळी अर्ध्या तासात हुडहुडी भरली, ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं. आता हॉस्पिटलचं नाव काढलं तरी रडतो. तिसऱ्या वेळेची तयारी कशी करू? (एक आई, सातारा)

उत्तर : पहिल्या एक-दोन वेळा असा त्रास जास्त होतो. अंगात आधीच जंतुसंसर्ग असेल तर बाहेरून आलेल्या अँटिबॉडीज त्या जंतूंवर तुटून पडतात आणि थंडी-ताप येतो. म्हणून आदल्या दिवशी ताप, खोकला, कान दुखणं असं काही असेल तर डॉक्टरांना फोन करा. ते तारीख एक-दोन दिवस पुढे नेतील किंवा आधी अँटिबायोटिक देतील. स्वतःच्या मनाने तारीख चुकवू नका. या अँटिबॉडीज तीन-चार आठवड्यांत निम्म्या होतात, आणि लांब खंड पडला की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यासारखाच त्रास होऊ शकतो.

दुसरं कारण पाणी. मूल कोरडं असलं की डोकेदुखी वाढते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि शीरही सापडत नाही. आदल्या दिवशी दूध, ताक, पेज धरून सुमारे दीड लिटर पोटात जाऊ द्या. निघण्याआधी दोन पेले पाणी आणि नाश्ता द्या. उपाशी न्यायचं नाही. रक्ततपासणीसाठी उपाशी ठेवायची सवय इथेही अनेक घरं पाळतात.

तिसरं, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं कारण, वेग. १० टक्के द्रावण असेल तर १० ग्रॅम म्हणजे १०० मिली. २० किलोच्या मुलाला पहिला अर्धा तास ताशी १० मिली, मग त्रास नसेल तर २०, मग ४०, शेवटी ताशी ६०च्या आसपास, असं वाढवत नेलं तर अडीच-पावणेतीन तास लागतात. नेमका कमाल वेग औषधाच्या माहितीपत्रकात असतो. पहिल्या तासात जेमतेम १५ मिली जातं, हे पाहून पालकच ‘जरा जोरात सोडा ना’ म्हणतात. तसं म्हणू नका. दुपारी उशिरा सुरू केलं की हॉस्पिटलचा डे-केअर विभाग बंद व्हायच्या वेळेला घाई होते, म्हणून सकाळची वेळ मागून घ्या. पंप लावतात की नुसत्या थेंबांवर सोडतात, तेही विचारा. थेंबांचा वेग मुलाने हात हलवला तरी बदलतो.

मागच्या वेळी त्रास झाला, हे सुरू करण्यापूर्वीच सांगा. मग अर्धा तास आधी पॅरासिटामॉल (किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला ३००) आणि गरज वाटली तर ॲलर्जीचं औषध डॉक्टर देतील. घरून परस्पर देऊन नेऊ नका. आधीचा ताप झाकला जातो. ॲस्पिरिन तर नकोच. चालू असताना अंगावर शहारा, पाठदुखी, चेहरा लाल होणं दिसलं की लगेच सिस्टरला बोलवा. औषध थांबवून, आराम पडल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करता येतं. ओठ सुजणं, अंगभर गांधी उठणं, श्वासाला घरघर ही मात्र आणीबाणी. तिथे औषध ताबडतोब बंद करून ॲड्रेनालिन द्यावं लागतं.

आता रडण्याबद्दल. ‘दुखणार नाही’ असं सांगू नका. हे खोटं पहिल्या टोचण्यातच उघडं पडतं, आणि उपचार तर जन्मभराचे आहेत. सहा वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगणं पुरे : ‘सुई टोचताना क्षणभर दुखेल, मग नळी राहील, ती दुखत नाही.’ बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम डॉक्टरांना विचारून टोचण्याच्या एक तास आधी लावा. चोळायचं नाही, जाड थर देऊन वर पारदर्शक पट्टी चिकटवायची. जागा दोन निवडा, पहिली शीर फसली तर दुसरी तयार हवी. मलमाने शीर थोडी आक्रसते, म्हणून पुसल्यावर काही मिनिटं थांबू द्या. झोपवून चौघांनी दाबून धरण्यापेक्षा तुमच्या मांडीवर बसवा. कोणता हात, कोणतं कार्टून, हे त्याने ठरवावं. टोचायचं की नाही, हे विचारू नका. आणि एरवी घरात ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी कायमची बंद करा.

डोकेदुखी तीन दिवसांपर्यंत राहू शकते. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल, दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. पण मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, सतत उलट्या, कोलासारखी गडद लघवी किंवा लघवी कमी होणं, एकाच पायाला सूज यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दुसऱ्या दिवशीही ताप टिकला तर तो ‘औषधाचा’ समजून बसू नका.

प्रश्न : औषध आम्हालाच मेडिकलमधून आणावं लागतं. बाटली गार असते, कोमट पाण्यात ठेवली तर चालेल?

उत्तर : नाही. उष्णतेने त्यातली प्रथिनं बिघडतात. साधारण २ ते ८ अंशांत ठेवायचं (काही ब्रँड २५ अंशांपर्यंत चालतात, खोक्यावर पाहा) आणि तास-अर्धा तास आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. नेताना बाटली बर्फाला चिकटू देऊ नका. गोठलेली बाटली फेकूनच द्यावी लागते. हलवू नका, फेस होतो. गढूळ किंवा कण दिसणारी बाटली वापरायची नाही. ब्रँड शक्यतो बदलू नका, आणि प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर, वेग व झालेला त्रास एका वहीत लिहा.

प्रश्न : अशा मुलाच्या धाकट्या बहिणीला पोलिओचे दोन थेंब द्यावेत का?

उत्तर : दोघांनाही नकोत. थेंबांतला जिवंत विषाणू बहिणीच्या शौचातून आठवडेच्या आठवडे बाहेर पडतो आणि अँटिबॉडीज नसलेल्या भावाच्या आतड्यात ठाण मांडू शकतो. तिला पोलिओची इंजेक्शनची लस द्या. पल्स पोलिओच्या रविवारी दारात कार्यकर्ती आली की दाखवायला डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवा.