जुनी पोस्टर, मुंबईची हवा आणि बेताचा खर्च

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

वडिलांनी जपलेले ३० बाय ४० इंचांचे सिनेमाचे पोस्टर फ्रेम करायचे आहे. फ्रेमवाल्याने तीन इंची माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), काच आणि नक्षीची रुंद पट्टी धरून हिशेब सांगितला. तो झेपणारा नाही. खर्च कुठे कमी करता येईल?
*वाचक, गिरगाव*

पट्टीवर वाचवा, माउंटवर वाचवा. कागदाला जे टेकते आणि जे चिकटते, त्यावर मात्र वाचवू नका. बहुतेक दुकानांत नेमके उलटे होते. समोरून दिसणाऱ्या पट्टीवर पैसे जातात आणि मागे हार्डबोर्ड, खाकी पुठ्ठा आणि फेव्हिकॉल येतो. जुनी पोस्टरे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली असतात. तो कागद मुळात आम्लधर्मी असतो. त्याला आम्लधर्मी पुठ्ठा चिकटला की पिवळेपणा आणि ठिसूळपणा दोन्ही लवकर येतात.

आधी माप पाहू. तीन इंची माउंट घातला की फ्रेमचे आतले माप ३६ बाय ४६ होते, म्हणजे साडेअकरा चौरस फूट. माउंट बोर्डाचे नेहमीचे माप ३२ बाय ४० असल्याने बोर्डही मोठ्या मापाचा शोधावा लागतो. माउंट काढून टाका आणि पोस्टरभोवती चहूबाजूंनी फक्त अर्धा इंच मोकळा सोडा. माप ३१ बाय ४१ होते, म्हणजे पावणेनऊ चौरस फुटांच्या जरा वर. पट्टी, पारदर्शक शीट आणि पाठ या तिन्हींचा हिशेब लगेच खाली येतो. पट्टी साधी, एक इंच रुंदीची चालेल. कोपऱ्यांच्या तिरक्या कापासह ती साधारण १३ फूट लागते.

माउंट काढला तरी पोस्टर आणि काच यांच्यात अंतर हवेच. तिथे कंजुषी करू नका. मुंबईत पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दमटपणा धरतो आणि टेकलेला कागद तिला चिकटतो. इतका मोठा कागद ओल पिऊन फुगतो, मधे पोटासारखा पुढे येतो. त्यामुळे माउंटच्या दीड मिलिमीटर जाडीने भागत नाही. फ्रेमच्या खाचेत चारही बाजूंनी ६ मिमी जाडीची अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवून घ्या. मोकळ्या सोडलेल्या अर्ध्या इंचात ती मावते आणि पोस्टरच्या कडा दाबल्या जात नाहीत.

समोर काच की अ‍ॅक्रिलिक? या मापाला २ मिमीची काच धोक्याची आहे आणि ४ मिमीची घेतली तर नुसत्या काचेचे वजन आठ किलोंच्या वर जाते. ३ मिमीचे अ‍ॅक्रिलिक तीन किलोंच्या आत बसते, फुटून पोस्टर कापत नाही आणि जिन्यातून नेताना जिवाला घोर नसतो. मात्र ते उष्णतेने पसरते, म्हणून लांबी-रुंदीत २ ते ३ मिमी सैल कापायला सांगा. अगदी घट्ट बसवले तर मे महिन्यात त्याला बाक येतो. अ‍ॅक्रिलिक पुसायला पाण्याने जेमतेम ओलावलेले मऊ कापड पुरे. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव त्यावर वापरू नका.

पाठीला सनपॅक शीट घ्या, म्हणजे पाट्या आणि फलक करायला वापरतात ती पोकळ नळ्यांची पॉलिप्रॉपिलीनची शीट. ती ओल शोषत नाही, वाळवी खात नाही आणि तिच्यातून आम्ल सुटत नाही. ८ बाय ४ फुटांच्या ५ मिमीच्या एका शीटमधून ३१ बाय ४१ च्या तीन पाठी निघतात. सनबोर्ड नावाने मिळणारी पीव्हीसी फोम शीट वेगळी. पीव्हीसीमधून काळाने आम्ल सुटते. दुकानात दोन्ही नावांची सर्रास गल्लत होते, म्हणून कडेला पोकळ नळ्या दिसतात का ते पाहून घ्या. नळ्यांची तोंडे अ‍ॅल्युमिनियम टेपने बंद करा, नाहीतर झुरळांची लहान पिले आत घर करतात. शीटवर सुती चिंध्यांपासून केलेला आम्लमुक्त हातकागद ताणून मागे वळवा आणि त्यावर पोस्टर टांगा.

टांगा म्हटले, चिकटवा नव्हे. जपानी टिश्यूच्या, म्हणजे पातळ पण चिवट कागदाच्या, एक इंच रुंद, दोन इंच लांब पट्ट्या हाताने फाडून घ्या. कात्रीने कापलेल्या कडेचा वळ पुढून उमटतो. पोस्टरच्या वरच्या कडेला मागून पाच पट्ट्या समान अंतराने, पोस्टरवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर येतील अशा बेताने, खळीने (तिची कृती पुढच्या उत्तरात आहे) लावा. उरलेले टोक पाठीत पाडलेल्या चिरेतून मागे काढून तिथे टेपने धरा. खालची कड मोकळी राहू द्या. कागद पावसाळ्यात वाढतो आणि हिवाळ्यात आटतो. चारही बाजूंनी जखडला तर तो सुरकुततो, किंवा घडीवर फाटतो.

अ‍ॅक्रिलिक ३, अंतर ६, पाठ ५, म्हणजे १४ मिमी झाले. नेहमीच्या पट्टीची खाच एवढी खोल नसते. १६ ते १८ मिमी खाचेची बॉक्स पट्टी मागा, किंवा साध्या पट्टीला मागून लाकडी रिप मारून खोली वाढवून घ्या. लाकडाच्या खाचेला आतून अ‍ॅल्युमिनियम टेप लावला की लाकडातले आम्लही अडते. शेवटी अ‍ॅक्रिलिकपासून पाठीपर्यंतच्या सगळ्या थरांच्या कडा त्याच टेपने एकत्र बंद करा आणि मग ते फ्रेममध्ये बसवा. धूळ आणि कसर (कागद खाणारा किडा) दोन्ही बाहेर राहतात.

हे काम डिसेंबर ते मार्चमध्ये करा. जुलैत बंद केलेली फ्रेम कागदातली ओल आतच कोंडते. थांबणे शक्य नसेल तर सगळे साहित्य रात्रभर एसीच्या खोलीत ठेवून तिथेच बंद करा. बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर टांगू नका. आतल्या भिंतीवरही खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बूच लावून मागे किमान एक सेंटिमीटर हवा खेळू द्या. एका खिळ्यावर भरवसा न ठेवता दोन डी रिंगा आणि ८ मिमीच्या प्लगमधले दोन स्क्रू घ्या.

पोस्टर चार घड्यांत होते. घड्यांवर मागून सेलोटेप लावलेला आहे, तो पिवळा पडलाय. काही ठिकाणी कागद फाटलाय. घरी काय करता येईल?
*वाचक, परळ*

टेपची प्लॅस्टिकची पट्टी आणि तिचा चिकटा यांचा वेगवेगळा विचार करा. जुन्या टेपचा चिकटा सुकून पट्टी आपोआप सुटत असते. हेअर ड्रायर मंद आचेवर, लांबून फिरवत पट्टी कागदाशी जवळजवळ समांतर धरून हळूहळू मागे घ्या. सरळ वर ओढली की कागदाचा थर निघतो. कागदात मुरलेला तपकिरी डाग मात्र घरी काढायला जाऊ नका. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी चिकटा पातळ होऊन आणखी खोल जातो आणि शाई पसरते.

फाटलेल्या जागेला खळ हवी, पण मैद्याची नको. मैद्यातल्या ग्लुटेनमुळे ती कडक होते आणि कसर तिच्यावर तुटून पडते. शुद्ध गव्हाचा स्टार्च घ्या. लॅबोरेटरी केमिकल विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. एक भाग स्टार्च, पाच भाग डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास भिजू द्या. मग मंद आचेवर २० ते ३० मिनिटे सतत ढवळत शिजवा, दाट आणि अर्धपारदर्शक होईपर्यंत. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून गाळा आणि लागेल तेवढेच पाणी घालून ताकाइतकी पातळ करा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्या. या खळीचा मोठा गुण असा की पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर पाण्याने ती सुटते.

खळ लावण्याआधी शाई तपासा. पोस्टरच्या कोपऱ्यात, प्रत्येक रंगावर, ओला करून पिळलेला कापसाचा बोळा हलकेच टेकवा. रंग उतरला तर पाण्याचे कोणतेच काम घरी नको. उतरला नाही तर फाटीच्या कडा जुळवा आणि मागून जपानी टिश्यूची अरुंद पट्टी खळीने लावा. वर पॉलिएस्टरचे न विणलेले कापड, त्यावर टीपकागद आणि वजन ठेवा. पहिल्या तासात टीपकागद दोनदा बदला. घाईने वजन काढले की तिथे कायमचा बाक राहतो.

घड्यांचे वळ जाण्यासाठी इस्त्री फिरवू नका. ठिसूळ कागद घडीवरच तुटतो. पोस्टर उघडून दमट हवेत तीन-चार तास राहू दिले की कागद मऊ पडतो. पावसाळ्यात मुंबईची हवा हे काम फुकट करते. मग टीपकागदांच्या थरांत, सपाट प्लायखाली, एसीच्या खोलीत तीन-चार दिवस दाबून ठेवा आणि टीपकागद रोज बदला. दमट अवस्थेत एका दिवसापेक्षा जास्त ठेवले तर बुरशी धरते. घडीची रेघ पूर्ण जाणार नाही. ती राहू द्या. अशी पोस्टरे घडी घालूनच थिएटरांना पाठवत असत, त्यामुळे ती रेघ त्या कागदाच्या इतिहासाचाच भाग आहे.

मागच्या पावसाळ्यात फ्रेममधले पोस्टर काचेला चिकटले आणि तपकिरी ठिपके आले. काच काढू का?
*वाचक, मुलुंड*

ओढून काढू नका. फ्रेम उलटी करून फक्त पाठ काढा आणि काचेसकट पोस्टर एसीच्या खोलीत आठवडाभर कोरडे होऊ द्या. कडेला जेमतेम चिकटलेला भाग कधी कधी आपोआप सुटतो. मधला भाग चिकटलेला असेल तर काचेसकट समोरून नीट फोटो काढा आणि कागद-संवर्धकाला दाखवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला संवर्धन केंद्र आहे. तिथे फोटो पाठवून मार्गदर्शन विचारता येईल.

ठिपक्यांवर लव दिसते का, ब्रश लागला की ते पसरतात का, ते पाहा. तसे असेल तर बुरशी जिवंत आहे. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुधा त्याहून वरच असते. आधी पूर्ण कोरडे करा. मग एन-९५ मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशने एका दिशेने झाडा. ओल्या फडक्याने पुसलेत तर बुरशी तंतूंत घुसते. लव नसलेले कोरडे तपकिरी ठिपके तसेच सोडा. ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने ते फिके पडतात खरे, पण कागद कमजोर होतो आणि शाईही जाते.

दुकानदाराने पोस्टर फेव्हिकॉलने प्लायवर चिकटवून दिले. आता फुगे येत आहेत. सोडवता येईल का? आणि दुसरे लॅमिनेट करावे का?
*वाचक, घाटकोपर*

घरी नाही. सुकलेला फेव्हिकॉल पाण्याने फुगतो, विरघळत नाही आणि ओढताना कागद थराथराने निघतो. फुग्यात सुईने गोंद सोडण्याचा सल्लाही मानू नका. कोरड्या जागी ठेवा, जमेल तेव्हा प्लायच्या कडांवरून वाळवीची खूण तपासा आणि पोस्टर मोलाचे असेल तरच संवर्धकाचा खर्च करा.

लॅमिनेशन कधीच नको. गरम केलेला चिकटा कागदाच्या रंध्रांत जातो आणि परत निघत नाही. पारदर्शक संरक्षण हवे असेल तर १०० मायक्रॉनच्या पॉलिएस्टर फिल्मच्या दोन शीटमध्ये पोस्टर सैल ठेवा. आम्लमुक्त दुहेरी टेप पोस्टरच्या कडेपासून ३ मिमी दूर लावा आणि चारही कोपऱ्यांत फट सोडा. पोस्टरला काहीच चिकटत नाही आणि हवे तेव्हा कड कापून ते बाहेर काढता येते. मागे आम्लमुक्त कागदाचे एक पान घाला, कारण बंद जागेत कागदाचेच आम्ल साठते. खडू किंवा कोळशाने हाताने रंगवलेल्या चित्रांना ही पद्धत चालत नाही. फिल्मच्या स्थिर विजेने रंग उचलला जातो.

चोरबाजारातून घेतलेली पंचवीस-तीस पोस्टरे गुंडाळून पलंगाखाली ठेवली आहेत. सगळी फ्रेम करणे शक्य नाही.
*वाचक, दादर*

सगळी फ्रेम करू नका. नीट ठेवलेले पोस्टर वाईट फ्रेममधल्यापेक्षा जास्त टिकते. जागा असेल तर सपाट ठेवणे उत्तम. नसेल तर नळीच्या आत कोंबण्याऐवजी नळीवर बाहेरून गुंडाळा. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे रोलचे रिकामे, तीन इंची पुठ्ठ्याचे नळे पडलेले असतात. त्यावर फोमचे वेढे देऊन व्यास चार-पाच इंच करा आणि वर पॉलिएस्टर फिल्म गुंडाळा, म्हणजे पुठ्ठ्याचे आम्ल अडेल. एका नळीवर पाच-सहाच पोस्टरे, प्रत्येक दोघांत आम्लमुक्त कागद. वरून सुती कापड आणि सैल सुती नाडी. रबरबँड नको.

पलंगाखालची जागा बदला. तिथे हवा खेळत नाही, लादी पुसताना पाणी जाते आणि कसर तिथेच राहते. कपाटाच्या वरच्या फळीवर, भिंतीपासून दोन इंच सोडून ठेवा. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ नकोत. दर दोन महिन्यांनी, पावसाळ्यात महिन्याला, उघडून पाहणे हाच खरा उपाय. कागदाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसला किंवा वेडीवाकडी भोके दिसली तर ती नळी लगेच वेगळी करा.

पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी जागा नाही. यूव्ही काच घ्यावी का?
*वाचक, अंधेरी*

यूव्ही म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच वा अ‍ॅक्रिलिक महाग असते आणि तरीही रंग उडणे फक्त मंदावते, कारण दिसणारा प्रकाशही रंग उडवतो. त्यापेक्षा खिडकीच्या काचेला यूव्ही फिल्म लावा आणि दुपारी जाड पडदा ओढा. एवढेही जमणार नसेल तर मूळ पोस्टर सपाट ठेवून चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढा, मॅट कागदावर पूर्ण मापाची प्रत छापून ती भिंतीवर लावा आणि मूळ प्रत कपाटात ठेवा. लाल आणि पिवळा रंग बहुधा आधी उडतात. एकदा उडाले की कोणालाही ते परत आणता येत नाहीत.

सहा तुकड्यांत छापलेले मोठे पोस्टर आहे. एवढी फ्रेम घरात मावणार नाही. जोडून कापडावर लावू का?
*वाचक, लालबाग*

जोडू नका. कापडावर चढवायचे झाले तर मधे जपानी कागद आणि स्टार्चची खळ लागते आणि ते सरावाच्या हाताचे काम आहे. सहाही तुकडे मिळून वजन साधारण अर्धा किलो भरते, म्हणून चुंबकावर छान राहतात.

एक इंच रुंद, एक मिमी जाड गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या पट्ट्या भिंतीला आडव्या स्क्रूने बसवा. स्क्रूची डोकी सपाट बुडालेली हवीत. वर पॉलिएस्टर फिल्म गुंडाळा. प्रत्येक तुकड्याची वरची कड पट्टीवर ठेवून दर सहा इंचांवर १० मिमी व्यासाचे, २ मिमी जाड निओडायमियम चुंबक लावा आणि चुंबक व कागद यांच्यात फिल्मचा चौकोनी तुकडा ठेवा. चुंबक सरकवून काढू नका, कागद घासतो. नखाने एका बाजूने उचला. शेजारच्या तुकड्यांच्या कोऱ्या कडा एकावर एक येऊ द्या. खालच्या कडेलाही तशीच पट्टी आणि सैल अंतरावर दोन-तीन चुंबक लागतील, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडून घडीवर चिरतो. समोर काच नसल्याने धूळ बसेल. ही मांडणी कोरड्या महिन्यांपुरती ठेवा आणि मे संपण्याआधी तुकडे उतरवून सपाट किंवा नळीवर ठेवून द्या.